मासळीतले पॅरासाइट कसे शोधायचे, ओळखायचे आणि जपून ठेवायचे: बांगड्यापासून सुरुवात

झूलॉजीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो, फिशरीजला नवीन अॅडमिशन असो, मासळीचा छोटा धंदा असो, नाहीतर घरी मासे साफ करताना पोटात काहीतरी वळवळताना दिसलं म्हणून धसका बसलेला असो, पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, हे काय आहे आणि आता मासा फेकायचा का. तर फेकायचा नाही, आधी नीट बघायचं. समुद्रातल्या मोकळ्या माशात कुठला ना कुठला परजीवी असतोच असं धरून चाला, अगदी आत्ता होडीतून उतरलेला चकचकीत मासा असला तरी. मासा शिळा आहे की ताजा हे डोळ्यांवरून, वासावरून, कल्ल्यांच्या रंगावरून ठरतं, किड्यावरून नाही.

आणि नवीन माणसाने एकच सवय लावून घ्यायची, किडा दिसला की लगेच ओढून काढायचा नाही. तो कुठे बसलाय ते आधी लिहायचं, फोटो काढायचा, मगच हात लावायचा. अंगावर, कल्ल्यात, जठरात, आतड्याच्या बाहेरून, मांसात, गाभोळीत, जागा कळली की निम्मी ओळख तिथेच पटते. बाटलीत टाकलेला पण जागा न लिहिलेला किडा पुढे ओळखणाऱ्याला फारसा उपयोगाचा नसतो.

मासा कुठला आणि कसा आणायचा

सुरुवात बांगड्याने करा असं मी सगळ्यांना सांगते. परवडतो, ट्रेमध्ये मावतो, कल्ले मोठे असतात आणि अख्खा, पोट न फाडलेला मिळतो. सुरमई आणि पापलेट महाग, त्यात सुरमईच्या बऱ्याचदा तुकड्याच हातात येतात मग बघणार काय. बांगडा जमला की ढोमा, राणी मासा, तारली, बला, चोर बोंबील अशी यादी वाढवत न्या.

ससून डॉक, भाऊचा धक्का, हर्णै, मिरकरवाडा, मालवण, जिथे जवळ असेल तिथे पहाटे जा आणि विकणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा की मासा साफ करू नका, कल्ले काढू नका, नळाच्या पाण्याने धुऊ नका. एकाच होडीचा, एकाच दिवसाचा मासा घ्या. होडी, जाळं (ट्रॉल, पर्सिन, रापण जे असेल ते), बंदर आणि तारीख तिथल्या तिथे मोबाईलमध्ये लिहा, घरी येईपर्यंत विसरायला होतं. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत, कारण बाहेरून चिकटलेले किडे मासा मेला की त्याला सोडून देतात आणि पाटीत दुसऱ्याच माशावर जाऊन बसतात, मग कुठला कोणाचा ते कळत नाही. पाटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातही एकदा नजर टाका, सुटलेले बरेच तिथे सापडतात, पण ते मोजणीत धरायचे नाहीत.

पिशव्या बर्फात ठेवा पण वितळलेलं पाणी आत जाऊ देऊ नका. गोड्या पाण्याने कल्ल्यातले नाजूक चपटे कृमी फुगतात, फुटतात आणि तुम्हाला वाटतं की नव्हतेच. शक्यतो त्याच दिवशी तपासा. जमलं नाही तर डीप फ्रीज करा, आयसोपॉड (टणक कवचाचे, बऱ्याच पायांचे किडे) आणि गोलकृमी फ्रीज केल्यावरही ओळखण्याजोगे राहतात, चपट्या कृमींचं मात्र वाटोळं होतं.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा प्रोजेक्टचं वेळापत्रक करताना हे दोन महिने आधीच वजा करा.

काय काय लागतं

पांढरा ट्रे, टोकदार कात्री, दोन चिमटे, दोन सुया, एक मऊ ब्रश, काचेच्या पसरट डिश, मोजपट्टी, वजनकाटा, दहापट भिंग आणि चांगला उजेड. मायक्रोस्कोप कॉलेजचा चालेल. हातमोजे घालाच, हाताला चीर असेल तर नक्कीच, हवाईत मासा साफ करताना हाताच्या जखमेतून फिलोमेट्रा नावाचा कृमी आत शिरल्याची नोंद आहे. दुर्मिळ गोष्ट आहे पण हातमोजे स्वस्त आहेत.

सलाईन घरी करता येतं, १ लिटर पाण्यात ८.५ ग्रॅम मीठ. माशाच्या आतले अवयव आणि कृमी यातच ठेवायचे, नळाच्या पाण्यात नाही.

पहिली पायरी: बाहेरून

माशाची लांबी, वजन लिहा. मग डोकं ते शेपटी एक बाजू, उलटा करून दुसरी बाजू, परांच्या बुडाशी, शेपटीच्या मुळाशी, डोळ्यांभोवती. घाई नको.

अंगाला घट्ट चिकटलेला, पाठीवर आडव्या रेघा असलेला टणक किडा दिसला तर तो बहुधा सायमोथॉइड कुळातला आयसोपॉड, नेरोसिला वगैरे. पायांना आकड्यासारखी नखं असतात ती खवल्याखाली रोवलेली असतात, म्हणून ओढण्याऐवजी चिमट्याचं टोक खाली सरकवून उचलायचा. त्याच्या खाली बहुतेक वेळा लाल झालेली, खवले गेलेली जखम दिसते, तिचाही फोटो घ्या.

अंगातून बारीक दोरा लोंबतोय असं दिसलं तर थांबा, तो दोरा नाही. कोपेपॉड म्हणजे छोटा कवचधारी जीव असू शकतो, तारलीसारख्या माशांवर लर्निनिकस मिळतो, त्याचं डोकं मांसात खोल नांगरासारखं रुतलेलं असतं आणि बाहेर फक्त धड आणि अंड्यांच्या दोन लांब दोऱ्या. ओढला की मान तुटते आणि ओळखायला लागणारं डोकं आतच राहतं. कातडी आजूबाजूने कापून मांसाच्या तुकड्यासकट काढायचा आणि मग सलाईनमध्ये सुईने हळूहळू मोकळा करायचा, वेळ लागतो पण दुसरा मार्ग नाही.

कॅलिगस म्हणजे समुद्री उवा, त्या सपाट, पारदर्शक आणि पळणाऱ्या असतात, ओल्या ब्रशने उचला. नॉर्वेच्या सॅमन शेतीला ज्या उवांनी हैराण केलंय ती लेपिऑफथायरस याच कुळातली.

दुसरी पायरी: तोंड आणि कल्ले

इथे जरा जास्त वेळ द्या, बांगड्यातली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट इथेच आहे. कल्ल्याचं झाकण कात्रीने कापून बाजूला करा. नशीब असेल तर आत फिकट पिवळसर-पांढरा, दीड-दोन सेंटीमीटरचा, एका बाजूला किंचित वाकडा झालेला आयसोपॉड कल्ल्यांवर बसलेला दिसेल. बांगड्यात हा नोरिलेका इंडिका असण्याची शक्यता मोठी. तो अख्खी जागा व्यापून बसतो, त्याच्या खालच्या कल्ल्यांची लाल झालर दबलेली, झिजलेली आणि फिकी पडलेली असते, त्या बाजूचे आणि पलीकडच्या बाजूचे कल्ले शेजारी ठेवून बघा म्हणजे फरक लगेच कळेल.

मोठी दिसते ती मादी. आता पुन्हा शोधा, तिच्या जवळ किंवा दुसऱ्या बाजूच्या कल्ल्यात तिच्यापेक्षा बराच लहान नर असतो आणि नवीन लोकांकडून तो हमखास सुटतो. या कुळात प्रत्येक जण आधी नर असतो आणि पुढे वाढून मादी होतो, म्हणजे आज लहान दिसणारा उद्याची मादी. मादीच्या पोटाखाली पापुद्र्यांची पिशवी असते, त्यात अंडी किंवा पिल्लं. ती दाबू नका. भिंगाखाली हलकेच एक पापुद्रा बाजूला केला आणि पिल्लं तयार झालेली असली तर काळे डोळे स्पष्ट दिसतात. मोठ्याला पायांच्या सात जोड्या, पिल्लाला सहाच, मोजून खात्री करून घ्या. ही पिल्लं बाहेर पडून पोहत नवीन मासा शोधतात, मधे दुसरा कुठला यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर राहायचं असा जीव, लागत नाही.

तोंड उघडूनही बघा. जीभ खाऊन जिभेच्या जागी बसणाऱ्या किड्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. तो सायमोथोआ एक्झिग्वा, अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा, कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या एका तांबोशीच्या जातीत तो जिभेचं काम करतो हे ब्रुस्का आणि गिलिगन यांनी १९८३ मध्ये मांडलं. आपल्याकडे त्याचाच भाऊबंद सायमोथोआ इंडिका वेगवेगळ्या माशांच्या तोंडात मिळतो. यातला कुठलाही आयसोपॉड माणसाला लागत नाही, काढून टाकला आणि मासा ताजा असला की खायला काही हरकत नाही.

मोठे किडे काढून झाले की कल्ले सुटे करा. प्रत्येक बाजूला चार कमानी, प्रत्येक वेगळ्या डिशमध्ये सलाईन घालून, डिशवर डावी १, डावी २ असं लिहून. मायक्रोस्कोपखाली सुईने एकेक झालर वेगळी करत जा. इथे मोनोजेनिया मिळतात, मिलिमीटरभराचे किंवा त्याहून लहान चपटे कृमी, मागच्या टोकाला आकडे किंवा चिमट्यांसारख्या पकडी. ते ताणतात आणि आखडतात त्यावरून जिवंत असताना चटकन दिसतात, मेल्यावर कल्ल्याचाच भाग वाटतात, म्हणून ताजा मासा हवा.

मोकळ्या समुद्रात हे थोडे असतात आणि माशाला फार त्रास देत नाहीत. पिंजऱ्यात जिताडा किंवा कोबिया वाढवणाऱ्यांनी मात्र यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. यांना मधला यजमान लागत नाही, मासे दाटीने असले की भराभर वाढतात. कातडीवरचा निओबेनेडेनिया पारदर्शक असतो, असून दिसत नाही, संशय आला तर एक मासा काही मिनिटं गोड्या पाण्याच्या टबात ठेवा, कृमी पांढरे होऊन गळून पडतात. पण अंडी त्याने मरत नाहीत आणि अंड्यांना चिवट धागे असतात ते पिंजऱ्याच्या जाळीत अडकून राहतात, तेव्हा मासा धुतला आणि जाळी तशीच ठेवली तर काही दिवसांत पुन्हा तेच. जाळी बदलायलाच लागते.

तिसरी पायरी: पोट

गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत कात्रीने उघडा, टोक वर धरून, नाहीतर आतडं फाटतं आणि आतलं-बाहेरचं एकत्र होतं. काही न हलवता आधी नुसतं बघा. यकृतावर, आतड्याच्या बाहेरच्या बाजूला, पातळ पडद्यांवर काय आहे.

छोट्या चकलीसारखी सपाट गुंडाळी घालून पारदर्शक वेष्टनात बसलेली पांढरट अळी दिसली तर ती अॅनिसाकिड, म्हणजे गोलकृमींच्या एका गटातली. सोडवून सरळ केली तर दोन-तीन सेंटीमीटर भरते. यांच्यात अॅनिसाकिस सगळ्यात नावाजलेला. याची मोठी अवस्था डॉल्फिन आणि देवमाशांच्या पोटात राहते, अंडी पाण्यात पडतात, त्यातून आलेली अळी क्रिलसारखे छोटे कवचधारी जीव खातात, त्यांना मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो आणि अळी तशीच पुढे पुढे जात राहते. आपण मधेच तो मासा कच्चा खाल्ला तर ती आपल्या पोटात येते आणि तिथे तिला मोठं होता येत नाही, पण जठराच्या भिंतीत घुसायचा प्रयत्न मात्र करते.

गोलकृमी काचेवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वाट बघा, थोड्या वेळाने आतलं दिसायला लागतं. अन्ननलिका संपते तिथे व्हेंट्रिक्युलस नावाचा भाग असतो, त्याला मागे शेपूट फुटलंय का आणि आतड्याला पुढे पिशवी फुटलीय का एवढंच बघायचं. दोन्ही नाही तर अॅनिसाकिस. फक्त पुढची पिशवी असेल तर स्यूडोटेरानोव्हा. फक्त मागचं शेपूट असेल तर राफिडास्कारिस. दोन्ही असतील तर कॉन्ट्रासीकम किंवा हिस्टेरोथायलॅशियम, यांना वेगळं करायला उत्सर्जन छिद्र बघा, कॉन्ट्रासीकममध्ये ते अगदी ओठांजवळ, हिस्टेरोथायलॅशियममध्ये मागे मज्जाकड्याच्या (अन्ननलिकेभोवतीच्या मज्जातंतूंच्या कड्याच्या) पातळीला. नवख्या माणसाने वंशापर्यंत पोचलं तरी खूप झालं, अळीवरून जात सांगायला डीएनएच लागतो.

नुसत्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या गाठी असतील तर एक फोडून बघा. आत आखूड जाड अळी आणि डोक्याशी चार सोंडा, सोंडांवर ओळीने आकडे, तर तो ट्रिपॅनोरिंका पट्टकृमी. स्लाइडवर हलका दाब दिला की सोंडा उलगडून बाहेर येतात, बघण्यासारखं असतं. हा मोठा होतो मुशी आणि पाकटाच्या आतड्यात, आपल्या नाही. ढोम्याच्या जातीच्या काही माशांत हा मांसातही लांबलचक पांढऱ्या शेवयांसारखा मिळतो, गिऱ्हाईक किळस करून मासा परत आणतं, म्हणून विकणाऱ्याचं नुकसान होतं, खाणाऱ्याला धोका नसतो.

मग जठर आणि आतडं वेगळ्या डिशमध्ये लांबीच्या दिशेने चिरा, सलाईनमध्ये हलवा, गाळ बसू द्या, वरचं ओता, असं पाणी नितळ होईपर्यंत. तळाशी डायजेनिया, म्हणजे चपट्या कृमींचा आणखी एक गट, मिळतील, बांगड्याच्या जठरात त्यातला लेसिथोक्लेडियम बघायला विसरू नका. प्लँक्टन खाणारा मासा असल्याने कोपेपॉडमधून येणारे कृमी त्याच्या वाट्याला येतात. आतड्याच्या भिंतीत काटेरी सोंड रुतवून बसलेला कृमी म्हणजे अकँथोसेफाला, तो ओढू नका, भिंतीच्या तुकड्यासकट साध्या पाण्यात काही तास ठेवा म्हणजे सोंड पूर्ण बाहेर येते. साधं पाणी चालतं असं हे एकच ठिकाण.

गाभोळीत तांबडे दोरे दिसले, विशेषतः गोब्रा किंवा ढोम्याच्या, तर तो फिलोमेट्रा, रक्त पितो म्हणून लालभडक.

चौथी पायरी: मांस

तुकड्या पातळ कापा आणि काचेवर ठेवून खालून उजेड द्या, गडद गाठी किंवा गुंडाळ्या दिसतात. दुसरी चांगली पद्धत म्हणजे मांस दोन काचांमध्ये दाबून फ्रीज करायचं आणि ३६६ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली बघायचं, मेलेल्या अॅनिसाकिस अळ्या चमकतात. मासा काही न दिसता नुसताच लगदा होत असेल, बर्फात नीट ठेवूनही, तर कुडोआ नावाच्या सूक्ष्म परजीवीची शंका घ्या. हा डोळ्याने दिसत नाही, स्लाइडवर चार भागांचे बारीक बीजाणू दिसतात, त्याची एन्झाइम मासा मेल्यावर मांस विरघळवतात.

जपून कसं ठेवायचं

आयसोपॉड आणि कोपेपॉड सरळ ७० टक्के अल्कोहोलमध्ये. गोलकृमी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले तर सरळ होतात, थंडात टाकले तर वेटोळं घालून कडक होतात आणि मग मोजमाप होत नाही. अल्कोहोल उघड्या आचेवर कधीच गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली धरा, सरांसमोर करा. चपटे कृमी स्लाइड आणि कव्हरस्लिपमध्ये हलके दाबून मग फिक्स करा, म्हणजे रसायनात टाकून आहे त्या आकारात टिकवा. डीएनएसाठी प्रत्येक प्रकारातले एक-दोन ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे, फॉर्मलिन त्यांना लागू देऊ नका. लेबल कागदावर पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये जाते.

मोजणी सोपी आहे पण शब्दांची सरमिसळ करू नका. समजा ३० बांगडे तपासले, ६ मध्ये आयसोपॉड मिळाले, एकूण १५. तर प्रिव्हलन्स (किती टक्के माशांत किडे मिळाले) २० टक्के, सरासरी इंटेन्सिटी (किडे मिळालेल्या माशांत दर माशी किती) १५ भागिले ६ म्हणजे २.५, आणि अॅबंडन्स (तपासलेल्या सगळ्या माशांत दर माशी किती) १५ भागिले ३० म्हणजे ०.५. ज्या माशात काहीच मिळालं नाही तोही वहीत लिहायचाच, तो सोडला तर सगळे आकडे खोटे होतात.

खायचं काय, फेकायचं काय

आपल्याकडे मासा कालवणात उकळतो, तव्यावर खरपूस होतो, तिखल्यात शिजतो, त्यामुळे कोकणातल्या साध्या जेवणात या अळ्यांची भीती नाही. मांसाच्या आतपर्यंत ६० अंश सेल्सिअस एक मिनिट मिळालं की अॅनिसाकिस मेला. जाड सुरमईची तुकडी मधे कच्ची राहत नाहीये ना एवढं बघा.

प्रश्न येतो कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशाचा. मुंबई-पुण्यात सुशी आता सर्रास मिळते, जपान-युरोपात राहणारे आपले लोक तर खातातच. अॅनिसाकिसच्या अळीने होणारा आजार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो १९६० मध्ये नेदरलँडमध्ये, हलकं मीठ लावलेला हेरिंग खाणाऱ्यांत, आणि नंतर तिथे हेरिंग आधी गोठवायची सक्ती झाली. अमेरिकेच्या एफडीएचा (अन्न-औषध खात्याचा) नियम उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ वर घट्ट गोठवून १५ तास. घरचा फ्रीजर उणे २० गाठतोच असं नाही, थर्मामीटर लावून बघितल्याशिवाय घरी कच्चा मासा खायचा विचार करू नका. लिंबू, आगळ, व्हिनेगर, थोडा वेळ लावलेलं मीठ, यांनी अळी मरत नाही. कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत वरच्या पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना काय खाल्लं ते स्पष्ट सांगा, एंडोस्कोपीने अळी काढता येते. आणि अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास अडकला तर ते अॅलर्जीचं लक्षण, तेव्हा ताबडतोब हॉस्पिटल. अॅनिसाकिसची काही प्रथिनं शिजवूनही टिकतात, म्हणून ज्यांना याची अॅलर्जी आहे त्यांनी शिजवलेल्या माशाबद्दलही डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मासळी विकणाऱ्यांनी आणि घरी आणणाऱ्यांनीही एक गोष्ट पाळावी, पोट जितक्या लवकर काढता येईल तितकं काढा. मासा मेल्यावर तसाच पडून राहिला तर काही अळ्या पोटातून मांसात सरकतात. पोटाच्या कडेचं पातळ मांस आधी तपासा, तिथेच जास्त असतात. आणि काढलेली आतडी धक्क्यावरून परत पाण्यात टाकू नका, त्यातल्या जिवंत अळ्यांना आपणच पुढचा मासा मिळवून देतो.

ओळख पटत नसेल तर वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, तिथल्या प्राध्यापकांना आधी मेल करून विचारा. मेलमध्ये किड्याचा वरून आणि खालून फोटो, शेजारी मोजपट्टी, अख्ख्या माशाचा फोटो, बंदर, तारीख आणि किडा नेमका कुठे बसला होता ते. बाटली त्यांनी मागितल्यावरच पाठवा, झाकणाला टेप लावून, दुहेरी पिशवीत.